कुपोषणावर बैठक कशी घ्यावी

जिल्ह्याच्या ठिकाणी नुकतीच बदली होऊन आला असाल, तर अभिनंदन. लवकरच तुमच्या टेबलावर 'अभिसरण' नावाची फाइल येईल. आरोग्य, कृषी आणि महिला-बालविकास या तिघांनी मिळून लहान पोरांच्या ताटात काय पडतं ते बघायचं, एवढंच तिच्यात असतं. घाबरू नका, बैठक लावा. तारीख अशी धरा की कृषीचे साहेब पीककापणी प्रयोगाला गेलेले असतील. ते कुणाला तरी पाठवतील, तो 'विचारून सांगतो' म्हणेल आणि इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहिता येईल.

बैठकीत एखादा उत्साही डॉक्टर असतोच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी निघाली, देशात ६ ते २३ महिन्यांच्या जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळतो, असं तो घडाघडा सांगेल. 'आकडे जुने आहेत, डॉक्टर,' म्हणा. नवे आले की 'पडताळणी सुरू आहे' म्हणता येतं.

शेताकडे मात्र चुकूनही बघू नका. विदर्भात असाल तर बाहेर कपाशी आणि सोयाबीन, नजर जाईल तिथवर. कपाशी खाता येत नाही, तो विषय मिटला. सोयाबीन म्हणजे प्रथिनांचा खजिना. तो बाजार समितीतून तेलगिरणीत जातो, पेंड कोंबडीखाद्यात जाते आणि कोंबडीचं अंडं फिरून त्याच गावच्या किराणा दुकानात येतं. ज्या बाईने ते सोयाबीन निंदलं, तिने ते अंडं रोख देऊन घ्यायचं. यात तुम्ही काय करणार? सोयाबीन कृषीचं, बाजार पणनचा, कोंबडी पशुसंवर्धनाची, मूल महिला-बालविकासाचं. आजारी पडलं की आरोग्याचं.

कुणी तरी आगाऊपणे वर्ध्याचा दाखला देईल. एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनने वर्ध्यातल्या आणि ओडिशात कोरापुटमधल्या काही गावांत पीकपद्धतीलाच आहाराची जोड देऊन पाहिली होती: आंतरपिकं, घराजवळ भाजीपाला, सोबत काय खावं याची माहिती. ऐकून घ्या आणि 'आपल्या जिल्ह्याची परिस्थिती वेगळी आहे' म्हणा. तुम्ही वर्ध्यातच असाल तर 'तालुक्याची' म्हणा.

परसबागेला नाही म्हणू नका, ती फोटोत छान येते. अंगणवाडीमागे वाफे काढा, मेथी-पालक टाका, कडेला शेवगा लावा, पाटी रंगवून घ्या. पाटी भाजीपेक्षा जास्त दिवस टिकते. बियाणं मार्चअखेर येईल, कारण खर्च तेव्हाच टाकायचा असतो. पाणी कुठून आणायचं, असं मदतनीस विचारेल. हंडा तिलाच वाहायचा आहे. 'लोकसहभागातून' हे उत्तर पाठ ठेवा. मे महिन्यात शेळ्या सहभागी होतात.

सप्टेंबरात पोषण महिना असतो, २०१८ पासून. महिना मोठा सोयीचा निवडलाय. बाया सकाळीच डबा बांधून निंदणीला गेलेल्या, तान्हं पोर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि दुपारी ती त्याला पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाण्यात बुडवून भरवते. रॅलीला आया नसल्या तर शाळेची पोरं घ्या, घोषणा त्यांच्याच जास्त खणखणीत असतात. मग पाककृती स्पर्धा. शेवग्याच्या पाल्याचं थालीपीठ, नाचणीचे लाडू, मोडाची उसळ. सेविकांनी पदरमोड करून आणलेलं असतं. परीक्षक तुम्ही. दारातली पोरं ताटाकडे सरकायला लागली की त्यांना मागे घ्यायला सांगा, फोटो व्हायचाय. निंदणीच्या दिवसांत शेतापाशी पाळणाघर चालवू, तिथेच दुपारचं खाऊ घालू, असं एखादी सेविका सुचवेल. अतिशय चांगली सूचना आहे, फक्त तो खर्च टाकायला लेखाशीर्ष नाही.

अहवालात बागांची संख्या लिहा. त्यातलं कुणी काय खाल्लं याला रकानाच नाही, तेव्हा तीही काळजी मिटली. एखाद्या पोराचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, दंड मोजायच्या पट्टीच्या लाल भागात आला, तर फाइल आरोग्याकडे सरकवा. त्यांच्या दवाखान्यात चार दाणे पोटात जाऊन पोर सावरेल, घरी येऊन पुन्हा वरणाच्या पाण्यावर राहील. आता ते कुठल्या खात्याचं, यावर पुढची बैठक लावा. चहाबरोबर बिस्किटं सांगा. नाचणीची नकोत, गेल्या खेपेला कुणी खाल्ली नव्हती.