वित्त आयोगाचा निधी पडून कसा ठेवावा

केंद्राचा पैसा राज्यांना आणि गावांना किती व कसा द्यायचा हे वित्त आयोग सुचवतो, आणि साधारण दर पाच वर्षांनी एक आयोग जातो आणि दुसरा येतो. १४वा ३१ मार्च २०२० ला गेला, १५व्याची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपली आणि १ एप्रिल २०२६ पासून पुढची पाच वर्षं १६व्याची. या सांध्यावर ग्रामपंचायतीच्या खात्यात पैसे असतात, गावात नळाला पाणी नसतं, आणि तरी खात्यातला रुपया जागचा हलत नाही. लोकांना वाटतं, हे आपोआप होतं. सरपंचहो, त्यामागची मेहनत त्यांना काय ठाऊक! नव्याने निवडून आलेल्यांना ही रीत कुणी नीट समजावून सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

सुरुवात आराखड्यापासून करा. ग्रामपंचायत विकास आराखडा दरवर्षी करायचा असतो, पण मागच्या वर्षीचा असताना नवा करण्याचं काही कारण नाही. फक्त वर्ष बदला. कामांची नावं जितकी मोघम तितकी चांगली: ‘गावांतर्गत गटार करणे’, ‘ठिकठिकाणी पाइपलाइन टाकणे’. कुठून कुठपर्यंत, किती मीटर, किती व्यासाची, हे लिहिलंत तर उद्या कुणीही टेप घेऊन मोजायला येईल. शिवाय मोघम नावाच्या कामाचं अंदाजपत्रक करताना शाखा अभियंत्यालाही जागेवर यायचा त्रास पडत नाही.

आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते, त्याची काळजी नको. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल तेवढी गणपूर्ती हवी. ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग सात जण आणि सह्यांची वही पुरते. त्यानंतर आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवायचा, तो शक्यतो मुदतीच्या शेवटच्या रात्री, सर्व्हर दमलेला असताना. पाण्याच्या टाकीचं काम घाईत ‘रस्ते’ या शीर्षाखाली गेलं तर ते राहू द्या. याचा फायदा आठ महिन्यांनी कळतो: काम झालेलं असतं, बिल तयार असतं, आणि बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या, निधीतून ते काढायला गेलं की प्रणाली ते काम दाखवतच नाही. दुरुस्तीला पुरवणी आराखडा, त्याला पुन्हा ग्रामसभा. एवढ्यात आयोगच बदलतो.

आता मुख्य कला, बंधित आणि अबंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा निधी आणि गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा निधी. १५व्या आयोगाने पहिल्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, निम्मा निधी बंधित आणि निम्मा अबंधित ठेवला. २०२१ पासून ६० टक्के बंधित झाला: ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी, ३० टक्के स्वच्छतेसाठी, आणि उरलेला ४० टक्के अबंधित. समजा, गावाला वर्षाला १० लाख आले. ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे, ४ लाख मोकळे. त्या ४ लाखांतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही, आणि पथदिव्यांचं थकीत वीजबिल मात्र याच निधीतून भरायला शासनाने २०२१ मध्ये सांगितलं. म्हणजे ‘मोकळे’ हा शब्दही जपूनच वापरलेला बरा.

या हिशेबाची किल्ली अशी: बँकेचं पासबुक एकच शिल्लक दाखवतं. त्यातले पाण्याचे किती, स्वच्छतेचे किती, अबंधित किती आणि व्याज किती, हे पासबुक सांगत नाही. ते तुमच्या नोंदवहीने सांगायचं असतं. म्हणून ती वेगळी नोंदवही कधीही ठेवू नका. ३१ मार्चला खात्यात ७ लाख ४२ हजार दिसले की म्हणा, ‘आहेत की पैसे.’ एप्रिलमध्ये वरून पत्र येईल की बंधित-अबंधित शिल्लक आणि व्याज वेगवेगळं कळवा. तेव्हा जुळत नाही म्हणून अंदाजाने तीन आकडे लिहा. ते आकडे गटविकास अधिकाऱ्यांकडून जिल्हा परिषदेत आणि तिथून मंत्रालयात जातात, आणि तुमचा अंदाज सरकारी सत्य होऊन पुढच्या लेखापरीक्षणात तुम्हालाच विचारला जातो: मागच्या वर्षी ३ लाख ८० हजार बंधित शिल्लक होती, ती कुठे गेली?

व्याजाबद्दल एक टीप. ते आपलंच आहे असं समजून निवांत राहा. कोरोनाच्या काळात १४व्या आयोगाच्या पैशावरच्या व्याजातून ग्रामीण भागात अर्सेनिकम अल्बम ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायचं ठरलं, तेव्हा व्याजाची रक्कम ऐनवेळी किती गावांना शोधावी लागली! पैसे पडून ठेवले की त्यांना असे अनपेक्षित उपयोग सापडतात.

बंधित निधीतून काय करायचं, असा प्रश्न पडला तर उत्तर एकच, गटार. स्वच्छतेच्या ३० टक्क्यांत सांडपाणी बसतं. गटार बांधायला सोपं, मोजायला सोपं आणि फोटोत लांबलचक दिसतं. उताराची पातळी पाहण्याच्या भानगडीत पडू नका. गटार कुठे संपतं हाही प्रश्न नको. निधी संपतो तिथे ते संपतं, बहुधा कुणाच्या तरी बांधावर. शोषखड्डा त्या वर्षीच्या तरतुदीत बसत नाही, तो ‘पुढच्या आयोगात’ धरा. आणि पाण्याच्या ३० टक्क्यांत आरओचं यंत्र घ्या. पत्र्याची खोली, निळी टाकी, नाणं टाकायची पेटी, उद्घाटनाला फीत. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, आधी मोजू नका, नाहीतर नुसतं क्लोरिनेशन पुरलं असतं असं निघायचं. मेंब्रेन, म्हणजे यंत्रातला गाळणीचा पडदा, कधी बदलायचं आणि वीजबिल कुणी भरायचं, हे करारात लिहू नका. वर्षभरात मेंब्रेन क्षारांनी बसतं, पाण्याची धार बोटाएवढीची करंगळीएवढी होते, आणि पुढे त्या खोलीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे फलक ठेवायची उत्तम सोय होते.

यापुढची पायरी डोंगलची, म्हणजे डिजिटल सही साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची. पैसे निघायचे तर ग्रामसेवकाने बिल तयार करून आपल्या डिजिटल सहीने पुढे पाठवायचं आणि सरपंचाने आपल्या सहीने मंजूर करायचं. पदनाम बदलून ग्रामसेवक आता ग्रामपंचायत अधिकारी झाला, डोंगल तेच राहिलं. सरपंच महिला असेल तर तिचं डोंगल तिच्याकडे ठेवणं हा शुद्ध वेडेपणा समजला जातो. ते पतीच्या शर्टाच्या खिशात किंवा ठेकेदाराच्या ड्रॉवरमध्ये शोभतं, आणि पिन त्यावरच पांढऱ्या पट्टीवर पेनाने लिहिलेला असावा. सहीची मुदत दोन-तीन वर्षांची असते. ती कधी संपते ते कॅलेंडरवर मांडू नका. ती नेमकी मार्चमध्ये संपते. नवी काढायला आधार आणि पॅनवरचं नाव एकसारखं लागतं. एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असेल तर आणखी तीन आठवडे हक्काचे मिळाले. नव्या सहीची नोंदणी पोर्टलवर करून वरून मान्यता घ्यावी लागते, आणि मान्यता देणारा कर्मचारी मार्चमध्ये नेमका कुठे असतो हे त्याच्या कार्यालयालाही सांगता येत नाही.

सही झाली, पैसे गेले, म्हणून निर्धास्त होऊ नका. ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या खात्याचा आयएफएससी जुना असला की रक्कम परत येते. २०१९ मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, नंतर आणखीही विलीनीकरणं झाली, आणि कोड बदलले. तरी पोर्टलवर जुनाच कोड ठेवा. परत आलेली रक्कम बँकेत जमा दिसते, पण रोकड वहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, ती खर्चीच राहते. उलट नोंद कुणी केली नाही की ताळमेळ कायमचा तुटतो. ताळमेळ नाही म्हणून मागचं वर्ष प्रणालीत बंद करता येत नाही. ते बंद नाही म्हणून नव्या वर्षाचा व्यवहार नीट सुरू होत नाही. एका जुन्या कोडात एवढी ताकद आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

सांध्यावरचा खरा खेळ मात्र दायित्वाचा, म्हणजे कामांच्या उरलेल्या देण्याचा. कामाची साखळी अशी: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मूल्यांकन, बिल, कपाती. एप्रिलमध्ये ही साखळी धरली तर दिवाळीपर्यंत काम पुरं होण्याचा धोका आहे. म्हणून कार्यारंभ आदेश मार्चच्या शेवटच्या आठवड्यात द्या, आणि उरलेल्या निधीपेक्षा थोड्या जास्त रकमेची कामं धरा. काम निविदेच्या मर्यादेत बसावं म्हणून त्याचे ‘भाग १’ आणि ‘भाग २’ करायला विसरू नका. मग नवा आयोग येईल तेव्हा गावाकडे निम्मी झालेली कामं, जुन्या खात्यात अपुरे पैसे आणि रोज दारात येणारा ठेकेदार असं भांडवल तयार असेल. नव्या आयोगाचा पहिला हप्ता आला की सगळे विचारतील, यातून जुनं देणं द्यायचं का? या प्रश्नाचं लेखी उत्तर कधीही मागू नका. मार्गदर्शन फोनवर मागा. फोनवर मिळालेलं मार्गदर्शन लेखापरीक्षकाला दाखवता येत नाही, हाच त्याचा गुण.

अर्धवट कामांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मागास क्षेत्र अनुदान निधी आठवतो का? २००६-०७ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्रातले १२ जिल्हे त्यात होते, आणि २०१५ मध्ये केंद्राने हात काढून घेतला. निधी गेला तरी कामं एका दिवसात कशी संपणार? स्लॅबपर्यंत आलेली सभागृहं अनेकांनी पाहिली असतील. वर काढून ठेवलेल्या सळया गंजतात, पण त्यांच्यावर कपडे वाळत घालायला मनाई नाही.

सगळं श्रेय ग्रामपंचायतीने एकट्याने घेऊ नये. वरच्यांचंही योगदान मोठं आहे. १४व्या आयोगाने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांना काहीच दिलं नव्हतं. १५व्याने तिन्ही स्तरांना दिलं, आणि महाराष्ट्रात ते ग्रामपंचायतींना ८०, पंचायत समित्यांना १० आणि जिल्हा परिषदांना १० टक्के असं वाटलं गेलं. अट एवढीच की संस्था रीतसर निवडून आलेली हवी. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. निवडणूक न घेता निधी वाचवण्याची ही युक्ती गावपातळीवर कुणाला सुचली नसती. केंद्राकडून आलेले पैसे राज्याने दहा कामकाजाच्या दिवसांत खाली सोडायचे, नाहीतर व्याज द्यायचं, असाही नियम आहे. दहा दिवस कुठून मोजायचे, यावर चर्चेला मात्र भरपूर वाव आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, हा साहित्याचा स्वतंत्र प्रकार मानावा. त्यात खर्च शंभर टक्के लिहायचा, मग बँकेत शिल्लक काहीही असो. १५व्या आयोगाने लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन लोकांसमोर ठेवायची अट घातली. ते ठेवलेतही, फक्त कुणी उघडून पाहणार नाही एवढा विश्वास बाळगा. कामाच्या जिओ-टॅगिंगसाठी, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो चढवण्यासाठी, फोटो तीन लागतात: सुरू होण्याआधी, चालू असताना, पूर्ण झाल्यावर. तिन्ही एकाच दिवशी काढले तर सावली सारखीच येते, तेव्हा एक सकाळी आणि एक संध्याकाळी काढा. मधल्यासाठी चार विटा आणि एक घमेलं पुरे.

शेवटी बदल्या. त्या बहुधा मे महिन्यात निघतात, म्हणजे जुना आयोग संपून दोन महिने होत आलेले आणि नव्याचे निकष पुरते वाचून झालेले नसतात तेव्हा. जाणाऱ्याने पदभाराच्या यादीत कपाट, दोन खुर्च्या, शिक्के आणि झेंडा लिहावा. रोकड वही ‘लेखापरीक्षणासाठी पंचायत समितीत’, मोजमाप पुस्तिका ‘अभियंत्याकडे’, डोंगल ‘चालू स्थितीत’ असं लिहावं. येणाऱ्याने बँकेचं विवरणपत्र मागू नये, मागच्या आयोगाच्या शिल्लकीचा दाखला तर मुळीच मागू नये. यादीखाली ‘जसे आहे तसे’ लिहून सही करावी, चहा घ्यावा आणि नव्या आयोगाच्या प्रशिक्षणाला तालुक्याला निघावं.