दोन शिक्षक, चार इयत्ता : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वसईतल्या आमच्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, छोट्या मराठी प्राथमिक शाळेचं मी कौतुक केलं, त्यावर तुमचं म्हणणं असं : चर्चच्या शाळेत अभ्यास कमी नि प्रार्थना फार, दोन शिक्षकांनी चार इयत्ता ओढायच्या याला शिक्षण म्हणत नाहीत, आणि शाळा एवढी चांगली तर पट का घसरतोय? शिवाय शेवटी, ‘स्वतःची मुलगी घातली असती का?’

प्रार्थनेचं आधी उरकते. परिपाठाला प्रार्थना असते, ती कुठल्या शाळेत नसते? पुस्तकं बालभारतीचीच. अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुणाच्याही मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २८(३) मध्येच आहे. ख्रिस्ती मुलांचं धर्मशिक्षण आमच्याकडे रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपल्यावर होतं. शाळेच्या वेळापत्रकात त्याला तास नाही.

आता दोन शिक्षक. ही काही फादरांची काटकसर नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोनच शिक्षक धरलेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्यातून वगळल्या, तरी अनुदानित शाळेचे पगार सरकार देतं आणि पदं पटावरच ठरतात. जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळा हेच करतात. कर्नाटकात तर १९९५मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून ‘नली-कली’ ही शिकवण्याची पद्धत सुरू झाली, तीत लहान इयत्ता मुद्दाम एकत्र बसवतात. तेव्हा एका खोलीत दोन इयत्ता दिसल्या की शिक्षण संपलं, असं होत नाही.

मी वर्गात बसून पाहिलंय. फळ्याच्या मधोमध खडूची रेघ. उजवीकडे चौथीला लेखी काम, डावीकडे तिसरीला तोंडी. त्या शेजारच्या खोलीत पहिली-दुसरी. बाईंनी दुसरीतल्या एकाला ५२ वजा २७ घातलं होतं. त्याच्यापुढे खराट्याच्या काड्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले. दोनातून सात जाईनात, तसा तो थांबला, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, “एक गठ्ठा सोडू?” हातचा घेणं म्हणजे काय ते त्याला कळलंय. (२०१९मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हणण्यावरून केवढा गदारोळ झाला होता! इथे बाई ‘बावन्न’ही म्हणतात, ‘पन्नास दोन’ही, आणि कुणाचं काही बिघडत नाही.)

आणि ही मुलं कोण? घरी प्रमाण मराठी बोलणारी थोडीच. कुणाची कादोडी, कुणाची वाडवळी, पाड्यावरून येणाऱ्यांची वारली, बांधकामावर आलेल्या कुटुंबांची भोजपुरी. शाळेची मराठीच त्यांना नव्याने शिकायची असते. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या २०२४च्या पाहणीत देशभरच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीची २३.४ टक्केच मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. आमच्या तिसरीतल्या कुणालाही दुसरीचं पुस्तक उघडून वाचायला लावा. अडखळणारे भेटतील, पण अक्षरओळखच नाही असा भेटणार नाही. एवढ्या लहान वर्गात मागच्या बाकावर लपायला जागाच नसते.

खरी दुखरी जागा तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. दोनांतल्या एक बाई प्रशिक्षणाला, निवडणुकीच्या कामाला किंवा आजारपणाच्या रजेवर गेल्या की चारही इयत्ता एकीच्या गळ्यात. त्या दिवशी शाळा भरते, शिकवणं होत नाही. शुद्धलेखन, पाढे आणि गप्प बसा. मोठ्या शाळेत ऑफ तासाला कुणी तरी येतं, इथे येणार कोण? असे दिवस वर्षात बरेच निघतात.

पट घसरायचं कारण तर अंगणापलीकडेच आहे. तिथे याच पॅरिशची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. ज्यांना फी परवडते ते तिकडे गेले, आणि मराठी शाळेसाठी भांडणारे पालकही त्यांच्याबरोबरच गेले. नावं चर्चला ठेवायचीच तर प्रार्थनेवरून नकोत, यावरून ठेवा : एकाच आवारात, एकाच व्यवस्थापनाखाली दोन शाळा, आणि एकीतले शिक्षक दुसरीत पाऊल टाकत नाहीत.

मुलीबद्दल विचारलंत. घातली असती नव्हे, घातलीच होती, चौथीपर्यंत. पाचवीला सेमी-इंग्रजीत गेल्यावर विज्ञानातल्या इंग्रजी शब्दांनी तिला रडवलं, गणिताने नाही. म्हणूनच आम्ही काही पालकांनी मॅनेजर फादरांना लेखी दिलंय की इंग्रजी शाळेतल्या एका शिक्षकाला आठवड्यातून दोन तास इंग्रजी शिकवायला इकडे पाठवा, आणि बाई रजेवर असतील तेव्हा बदलीलाही तिकडूनच माणूस द्या. पालकसभेत हा विषय घेऊ, असं ते म्हणालेत. तुम्ही वसईतच राहता ना? मग त्या अर्जावर तुमचीही सही चालेल.