तगर, बाल्ड्रियान आणि पुडक्यावरचे एक वाक्य

जर्मनीत झोप लागत नसल्याची तक्रार केली की पहिला सल्ला बहुधा बाल्ड्रियानचा, म्हणजे व्हॅलेरियनचा मिळतो. उन्हाळ्यात ओलसर जागी फिकट गुलाबी फुलांचे झुपके मिरवणाऱ्या या वनस्पतीचे औषधात वापरतात ते मूळ, आणि वाळल्यावर त्याला येणारा न धुतलेल्या मोज्यांसारखा वास मांजरांना मात्र वेड लावतो. तिचीच हिमालयातली बहीण म्हणजे आयुर्वेदातील तगर, जी आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात तगरगंठोडा या नावाने मिळते. अंगणातल्या पांढऱ्या फुलांच्या तगरीशी तिचे नाते केवळ नावाचे आहे. तरीही आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मावशीला शांत झोपेसाठी त्याच तगरीची पाने उकळून पिण्याचा सल्ला मिळाला.

त्यावरून पेटलेला वाद नेहमीचाच होता. एका बाजूला हजारो वर्षांच्या ज्ञानाला पुरावा मागणेच अपमान वाटणारे, तर दुसऱ्या बाजूला काढा म्हटला की भोंदूगिरी म्हणून हसणारे. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग आणि किती, हे मात्र कुणीच विचारले नाही. इथे जर्मनीत बाल्ड्रियानच्या पुडक्यावर हे सारे छापलेले असते, आणि पारंपरिक म्हणून नोंदलेले असेल तर शिवाय हे पारंपरिक औषध केवळ दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर दिले जाते, अशी सरळ कबुलीही असते. बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये, घेतल्यावर गाडी चालवताना जपावे, दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे, हेही लिहिलेले असते. आपल्या 1940 च्या औषध कायद्यानेही ग्रंथोक्त औषधांना परंपरेच्या बळावरच वाट दिली आहे, परंतु जाहिरातींतून ही कबुली क्वचितच ऐकू येते.

युरोपची व्यवस्था निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशानुसार पारंपरिक वनौषधीच्या नोंदणीसाठी तीस वर्षांचा वापर दाखवावा लागतो आणि त्यांतली पंधरा वर्षे युरोपीय संघातली असावी लागतात. साहजिकच बाल्ड्रियानला सताड उघडे असलेले दार आयुर्वेदातल्या तगरीसाठी जेमतेम किलकिले होते. 2011 मध्ये हा नियम पूर्णपणे लागू झाला तेव्हा आयुर्वेदावर बंदी आल्याची हाकाटी झाली; ती अतिशयोक्ती होती, पण त्यामागची तक्रार खोटी नव्हती.

मावशीला मी एवढेच कळवले की पाने टाकून दे, आणि झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तगरगंठोडाही घेऊ नकोस.