पसारा आवरायचाय? मग अजून एक मॉडेल काढा

समजा तुमची डॅक (म्हणजे डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालेल असा सिग्नल करणारा डबा) आणि हेडफोन अँप (म्हणजे त्या सिग्नलला जोर देणारा डबा) बनवायची कंपनी आहे आणि मीटिंगमध्ये कोणीतरी बोलून गेलं की साहेब, आपली मॉडेलं फार झालीत, गिऱ्हाईक गोंधळतंय. अजिबात घाबरू नका. गोंधळलेलं गिऱ्हाईक दोनदा खरेदी करतं, आधी चुकीचं घेतं, मग त्यातल्या त्यात कमी चुकीचं.

तरी लोकलाजेस्तव रेंज आटोपशीर करायचीच असेल तर पहिलं काम म्हणजे नवी सिरीज काढा आणि तिचं नाव 'सिंपल' ठेवा. सिंपल, सिंपल लाइट, सिंपल प्रो. जुनी चौदा बंद करायची नाहीत, गोडाऊनला माल पडलाय तो काय गोदावरीत सोडणार का?

नंबरांचं जरा नीट बघा. 5 पेक्षा 7 भारी हे शेंबड्या पोराला पण कळतं, म्हणून तसं ठेवायचंच नाही. 7 नंतर 11 आणा आणि 11 हा 7 पेक्षा स्वस्त ठेवा. मग मार्क टू. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानात नोबेओकाला एकेएम कंपनीचा चिपचा कारखाना जळाला तेव्हा बऱ्याच कंपन्यांना खरंच डॅक चिप बदलून त्याच डब्याची नवी आवृत्ती काढावी लागली, बिचाऱ्यांचा नाइलाज होता. तुम्हाला आगीची वाट बघायची गरज नाही, नॉबचा रंग बदलला की झालं मार्क टू.

मीटिंगमधला एखादा शहाणा स्टीव्ह जॉब्सचं उदाहरण देईलच, की 1997 ला अ‍ॅपलमध्ये परत आल्यावर त्याने चार चौकोन काढले, घरगुती नि प्रोफेशनल, डेस्कटॉप नि पोर्टेबल, आणि बाकी सगळं बंद केलं. त्याला म्हणा बाबा रे, त्याच अ‍ॅपलने 2016 ला आयफोन 7 मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं म्हणून तर आपली चूल पेटली, आता गप बस.

आणि मिसळवाल्यांचा आदर्श तर मुळीच घेऊ नका. आपल्या नाशकात मिसळ एकच असते, रस्सा वेगळ्या वाटीत, ज्याला जेवढा झेपेल तेवढा ओतून घ्यायचा. हे म्हणजे एकाच डब्यावर जोर कमी-जास्त करायचं लो-हाय गेनचं बटण दिल्यासारखं झालं, थोडक्या जोरावर वाजणारा 16 ओहमचा इअरफोन पण त्यावरच आणि जास्त जोर मागणारा 300 ओहमचा हेडफोन पण त्यावरच चालला तर दुसरं मॉडेल विकणार कोणाला? धंदा कळत नाही त्या लोकांना. रविवारी सकाळी बाहेर नंबर लावून माणसं उभी असतात ती गोष्ट वेगळी.

स्पेसिफिकेशनमध्ये मात्र हात आखडता घेऊ नका. सीडीचा 44.1 किलोहर्ट्झचा सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली तो आकडा, माणसाच्या कानाला पुरून उरतो, पन्नाशीनंतर तर 15 किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेकांना ऐकूच येत नाही, पण तुम्ही डब्यावर 768 छापा. सिनॅड, म्हणजे आवाजात खरखर नि बिघाड किती कमी त्याचा आकडा, 120 डेसिबल. ऐकणारा सिटीलिंकच्या बसमध्ये द्वारका सर्कलला अडकलाय आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजतायत, हा त्याचा प्रॉब्लेम.

एवढं सगळं नीट जमलं तर काय होतं ते मी मागच्या महिन्यात एम.जी. रोडवर एका दुकानात डोळ्यांनी बघितलं. एक काका आले, खिशातून रुमाल काढला, रुमालात नीट गुंडाळलेला जुना वायरवाला इअरफोन. "मोबाइल नवीन घेतलाय मुलाने, ह्याला ही पिन घालायला जागाच नाही," म्हणाले, "भीमसेनजी ऐकायचेत."

काउंटरवरच्या पोराने ड्रॉवर उघडला आणि एकेक डोंगल, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात खोचायचा छोटा डॅक, काचेवर मांडायला लागला, सहा झाले, सात झाले, सगळे काळे, सगळे करंगळीएवढे. "काका, साडेतीनचं जॅक पाहिजे का फोर पॉइंट फोर बॅलन्स्ड?"

काकांनी इअरफोनची पिन चष्म्याजवळ नेऊन बघितली, मग काचेवरच्या सात काळ्या तुकड्यांकडे बघितलं. "ह्यातलं साधं कुठलं आहे रे?"

"साधं बंद झालं काका," पोरगं म्हणालं, "आता साध्याचं प्रो येतं."