भत्ता हवाय? मग सासरी जाऊ नका

ताई, चाकणच्या कारखान्यात चार वर्षं झाली, पगारातून ई.एस.आय. म्हणजे कामगार विमा नेमाने कापला जातोय आणि आता कोल्हापूरचं स्थळ पसंत पडलंय? अभिनंदन! कोल्हापुरातून चाकणला रोज जाऊन-येऊन काही होणार नाही, म्हणजे नोकरी सोडणं आलं. काळजी कशाला? नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला बेकारी भत्ता देणारी ई.एस.आय.ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 पासून आहेच. आधी सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळायचे, 2020 साली करोनात 50 टक्के केले. जास्तीत जास्त 90 दिवस, आयुष्यात एकदाच. पगार 18 हजार असेल तर ढोबळ हिशेबाने 27 हजार. फ्रीज सुटला!

फक्त एक बारीकशी अट आहे. नोकरी गेलेली पाहिजे, तुम्ही सोडलेली चालत नाही. लग्न करून सासरी जाणं ही नियमाच्या लेखी तुमची हौस. (कॅलिफोर्नियात नवऱ्यामागे गाव बदलणं हे नोकरी सोडायचं रास्त कारण मानतात. पण त्या लोकांना कुठली आलीय संस्कृती?)

तेव्हा मुहूर्त पुढे ढकला आणि आधी स्वतःला कामावरून काढून घ्या. तेही बेताने हं. सुपरवायझरच्या अंगावर धावून गेलात तर शिस्तभंगाची कारवाई होईल, आणि तसं काढलेल्यांना भत्ता नाही. बेकायदा संपातही नाही. कंपनीच बंद पडली तर सोन्याहून पिवळं; खंडोबाला नवस बोलून ठेवा.

बाकी एचआरचे साहेब मदतीला असतातच. त्यांच्या खणात कागद टाइप करून तयार असतो: ‘मी वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ तारखेची जागा तेवढी मोकळी. माणसं कमी करायची वेळ आली तरी हाच कागद पुढे सरकतो, कारण कपात म्हटली की नोटीस आली, दर वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई आली. राजीनाम्याला एक पेन पुरतं. त्यावर सही झाली की ज्याला खरंच हाकललं तोही तुमच्याच रांगेत, स्वखुशीवाला. ‘साहेब, मला काढलं हो’ म्हणून ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात कितीही कळवळून सांगा, फाइलमध्ये तुमचीच सही हसत असते.

आता नवरदेवानेच कोल्हापूरची नोकरी सोडून चाकणला यावं, असाही एक मार्ग आहे. मुलगा समजूतदार असेल तर विचारून बघा. मात्र अर्जाची तसदी त्यानेही घेऊ नये.