सुजाण प्रेक्षकाने पडद्यावरचा डॉक्टर कसा पाहावा

डॉक्टरांची मालिका पाहायला बसताना कोऱ्या मनाने बसू नका. कोऱ्या मनाचा माणूस समोर जे दिसतं तेच पाहतो आणि फसतो. डॉक्टर कसा असतो हे टीव्ही सुरू व्हायच्या आधीच ठाऊक हवं, आणि तुम्हाला ते आहेच. लहानपणी डॉक्टर-डॉक्टर खेळताना सुई दादाच्या हातात गेली आणि कापूस ताईच्या, तेव्हाच तुमचा अभ्यासक्रम पुरा झाला. मालिका ही नुसती उजळणी.

म्हणून पांढऱ्या कोटातला पुरुष दारातून आत आला की तो डॉक्टर. पांढऱ्या कोटातली बाई आली तर गळ्यात स्टेथोस्कोप असो वा नसो, 'सिस्टर' म्हणून मोकळं व्हावं. खऱ्या सिस्टरची काळजी नको. मालिकेत ती ट्रे घेऊन येते आणि जाते. रक्त काढणं, औषध देणं, रात्रभर रुग्णाजवळ बसणं, एमआरआयचं मशीन चालवणं ही सगळी कामं तिथे देखणे सर्जन स्वतःच करतात. बाई सर्जनच असल्याचं कथेत निघालंच, तर तिने किती ऑपरेशनं केली ते मोजत बसू नका. तिचं लग्न का मोडलं तिकडे लक्ष द्या. लेखकानेही तिकडेच दिलेलं असतं.

उद्धटपणा मोजायच्याही दोन पट्ट्या जवळ ठेवा. 2004 ते 2012 या काळात चाललेल्या 'हाउस' मालिकेचा नायक वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेला, सहकाऱ्यांचा पाणउतारा करणारा, सगळे रुग्ण खोटं बोलतात असं ठासून सांगणारा. आपण त्याला प्रतिभावंत म्हटलं आणि आठ सीझन डोक्यावर घेतलं. हेच सारं एखाद्या डॉक्टरीणबाईंनी केलं असतं तर पहिल्याच भागात आपलं निदान तयार होतं: घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

आता थोडा इतिहास, कारण आपली आवड किती जुन्या घराण्यातली आहे हे कळायला हवं. 'डॉक्टर किल्डेअर' आणि 'बेन केसी' या दोन्ही अमेरिकन मालिका 1961 साली सुरू झाल्या. त्या काळी तिथली डॉक्टरांची संघटना, अमेरिकन मेडिकल असोसिएशन, अशा मालिकांच्या पटकथा तपासून देत असे. साहजिकच पडद्यावरचा डॉक्टर धुतल्या तांदळासारखा निघाला. पण दोष संघटनेला का द्यावा? प्रेक्षकांनाही देवमाणूसच हवा होता. पुढे 1969 मध्ये 'मार्कस वेल्बी' मालिका आली. तिच्यात डॉक्टर झालेल्या रॉबर्ट यंग या नटाला पहिल्या पाच वर्षांत अडीच लाखांच्या आसपास पत्रं आली, आणि बहुतेकांमध्ये वैद्यकीय सल्ला मागितलेला होता. यात हसण्यासारखं काही नाही. खरा डॉक्टर मान वर न करता चिठ्ठी लिहितो. वेल्बी एकेका रुग्णाला अख्खा तास देत होता, जाहिराती वगळून. त्यानंतर 1980च्या दशकात खोकल्याच्या औषधाच्या एका जाहिरातीत एक नट उघडपणे सांगू लागला की, मी डॉक्टर नाही, पण टीव्हीवर डॉक्टरचं काम करतो. आणि मग औषधाची शिफारस केली. इतकं प्रामाणिक वाक्य जाहिरातीत क्वचितच सापडेल. आपण पूर्वार्ध ऐकला नाही, एवढंच.

सर्वात मोलाचं शिक्षण मात्र छाती दाबण्याच्या प्रसंगातून मिळतं. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तीन संशोधकांनी याचा हिशेब मांडला होता. तीन अमेरिकन मालिकांच्या 97 भागांत सीपीआरचे, म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करण्यासाठी छाती दाबण्याचे, 60 प्रसंग निघाले, आणि तीन-चतुर्थांश रुग्ण शुद्धीवर किंवा निदान श्वासावर आले. खऱ्या जगात, रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण दहात एखादाच वाचतो. त्यातही नीट दाबलं तर बरगड्या मोडू शकतात, जे पडद्यावर बरं दिसत नाही. मॉनिटरवर सरळ रेषा आल्यावर शॉक देण्यालाही अर्थ नसतो. शॉक असतो तो हृदयाची वेडीवाकडी थरथर थांबवण्यासाठी. थरथरच नसेल तर थांबवणार काय? पण हे वैद्यकशास्त्र झालं. तुम्ही मालिकेला स्मरून वागा. आयसीयूबाहेर उभे राहून 'काहीही करा, पण वाचवा' म्हणा, आणि नाहीच वाचला तर मोडक्या बरगड्या पुराव्यादाखल दाखवा.

'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' पाहणाऱ्यांनी जरा जपून. 2018 साली त्या मालिकेतल्या 290 जखमींची तुलना खऱ्या अपघातग्रस्तांशी केली गेली. मालिकेत मरणारे 22 टक्के, खऱ्यांत 7. म्हणजे पडद्यावर माणसं जास्त मरतात, फक्त जी वाचतात ती झटपट घरी जातात. महिनोन्‌महिने चालणारी फिजिओथेरपी, विम्याचे अर्ज, पाय पुन्हा टेकवताना येणारी कळ, यांना कोण स्पॉन्सर मिळणार?

डॉक्टरने 'मला नक्की सांगता येत नाही, चार दिवस वाट पाहू' असं म्हटलं, की समजावं याला काही येत नाही. मालिकेतही असं कोणी म्हणतं, पण ते भागाच्या मध्यावर. शेवटच्या दहा मिनिटांत तो खिडकीतून बाहेर बघतो, अचानक थबकतो आणि रोगाचं नाव उच्चारतो. तुमच्या डॉक्टरच्या खोलीला खिडकी आहे का ते आधी बघून घ्या.

एवढी तयारी झाली की खुशाल तपासणीला जा. मनात दोनच खण ठेवा, देवाचा आणि कसायाचा. दमलेला, नवशिका, शंकेखोर, बरा पण घाईतला असे मधले खण करत बसलात तर उगाच गोंधळ उडेल. समजा, खुर्चीत डॉक्टरीणबाई असल्या. पार्श्वसंगीत नाही. भूक कशी आहे, झोप लागते का, पोट साफ होतं का, असले नाट्यहीन प्रश्न त्या विचारतील. मग कागदावर चित्र काढून ऑपरेशन कसं करणार, धोका कुठे आहे, कधी न केलेलंच बरं, हे अर्धा तास समजावतील. शांतपणे ऐका. मान डोलवा. कागदाची घडी करून खिशात ठेवा. आणि उठता उठता, अगदी नम्रपणे, विचारा:

"बरं सिस्टर, मोठे डॉक्टर कधी येतील?"