तंबूत स्टोव्ह पेटवू नका आणि तो संदेशही पुढे पाठवू नका

‘हलका तंबू निवडण्याचे पाच सुवर्णनियम’ या नावाचा एक संदेश सध्या साताऱ्यातील सायकलस्वारांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सायकलवर सामान बांधून एकट्याने मुक्कामी जाणाऱ्याने एक किलोच्या आतलाच तंबू घ्यावा, तो ट्रेकिंगच्या काठीवर उभा राहणारा आणि एकेरी कापडाचा, म्हणजे आत जाळीचा वेगळा थर नसलेला, असावा, महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून तंबूचे कापड किमान ६,००० मिलिमीटरचे असावे, थंडी वाजल्यास चेन लावून आतच छोटा गॅस स्टोव्ह पेटवावा, आणि नव्या तंबूची पहिली चाचणी कास पठारावर घ्यावी. असे संदेश येतात आणि जातात. परंतु कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरण्याची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने हाच मजकूर खरेदीची यादी मानला आणि तंबूबरोबर ‘आत पेटवायचा’ स्टोव्हही मागवला, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

म्हणून क्रम मोडून चौथ्या नियमापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या नियमांनी पैसे जातील, याने जीव जाईल. ज्योत निळी असेल तर विषारी वायू होत नाही आणि वरची जाळी दोन बोटे उघडी ठेवली की पुरते, असे संदेशात ठामपणे लिहिले आहे. दोन्ही विधाने खोटी आहेत. बंदिस्त जागेत प्राणवायू कमी पडू लागला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. थंड पाण्याचे भांडे ज्योतीवर टेकले की ज्योत निवते आणि त्याचे प्रमाण आणखी वाढते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे आहेत. दिवसभर घाट चढून आलेल्या माणसाला ती थकव्याचीच वाटणार आणि तो डोळे मिटून पडणार, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना हे पुस्तकी भय वाटते त्यांनी सीडीसी या अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या साप्ताहिक अहवालातील ऑगस्ट १९९९ची नोंद वाचावी. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात जॉर्जिया राज्यात एक पुरुष आणि तीन मुले चेन लावलेल्या तंबूत मृतावस्थेत सापडली. उबेसाठी आत आणलेला प्रोपेनचा स्टोव्ह तेव्हाही जळत होता. त्याच महिन्यात त्याच राज्यात आणखी एक बाप आणि त्याचा सात वर्षांचा मुलगा असेच गेले. त्यांनी स्वयंपाक झाल्यावर कोळशाची शेगडी उबेसाठी आत घेतली होती. यातील पहिला तंबू दहा फूट बाय चौदा फूट, दोन खोल्यांचा होता. आपल्या चर्चेतील एकट्याचा तंबू जेमतेम सात फूट बाय अडीच फूट असतो, म्हणजे त्याची जमीन त्या तंबूच्या एक अष्टमांश आणि उंची इतकी की ताठ बसले तर डोके कापडाला लागते. शिवाय हलके नायलॉन आगीजवळ वितळायला क्षणही लागत नाही आणि बाहेर पडायचे दार एकच, तेही चेनचे. साताऱ्याच्या डिसेंबरातील थंडीला कोरडे लोकरीचे कपडे, खाली फोमची चटई आणि बरी स्लीपिंग बॅग पुरेशी असते. पाणी बाहेर तापवावे आणि गरम बाटली कुशीत घेऊन झोपावे; स्टोव्ह मात्र आत नेऊ नये.

मिलिमीटरच्या नियमावर हसावे की रडावे, हे कळत नाही. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि कापडही मिलिमीटरमध्ये मोजतात, एवढ्यावरून कोणीतरी दोहोंची सोयरीक जुळवली आहे. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीला पाणी आरपार येऊ लागते, हे कापडाचा आकडा सांगतो; तो वर्षभराच्या पावसाचा कोटा नाही की ६,००० भरले आणि तंबू गळू लागला. उतरत्या छपरावर पाणी साचतच नाही. नामांकित हलक्या तंबूंचे छत १,२०० ते १,५०० मिलिमीटरच्या आसपास असते आणि ते पाऊस झेलते. पाणी बहुतेक वेळा शिवणीतून येते, म्हणून आकड्याऐवजी शिवणींवर पट्टी आहे का ते पाहावे, आणि सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडावर पट्टी चिकटत नसल्याने तिथे सिलिकॉनचाच सीलर लावावा लागतो हे लक्षात ठेवावे. संदेशकर्त्याने स्वतः कधी एकेरी कापडाच्या तंबूत ऑक्टोबरातील दवाची रात्र काढली असती, तर छतावरच्या पावसापेक्षा आपल्याच श्वासाचे पाणी आतून टपकते हे त्याला कळले असते. दुहेरी तंबूत हे पाणी बाहेरच्या कापडावर राहते आणि मधली जाळी आपल्याला त्यापासून दूर ठेवते. त्यासाठी तीनचारशे ग्रॅम जास्त वाहावे लागले तर वाहावेत.

काठीच्या तंबूबाबत एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते: तो खरोखरच सर्वांत हलका असतो आणि खांबांची लांब जुडी नसल्याने हँडलच्या पिशवीत सहज मावतो. पण सायकलस्वाराजवळ ट्रेकिंगची काठी असते कुठे? ती वेगळी घ्यावी लागते, आणि तरीही असा तंबू पेगच्या, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्यांच्या, ताणावरच उभा राहतो. सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्यात पेग शिरत नाही; दगडांना दोऱ्या बांधून वेळ मारून नेता येते, परंतु चाळकेवाडीसारख्या, पवनचक्क्या उभ्या राहाव्यात इतक्या वाऱ्याच्या पठारावर ती कसरत कोणी अंधारात करून पाहावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे एकट्या सायकलस्वाराचा मुक्काम पुष्कळदा देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या व्हरांड्यात, गावकऱ्यांना विचारून होतो. तिथे खाली फरशी असते आणि डास मुबलक असतात. स्वतःच्या खांबांवर उभा राहणारा जाळीचा आतला तंबू तिथे छताविना लावता येतो, काठीचा तंबू मात्र पिशवीतच राहतो. असा तंबू घेताना खांबाच्या घडीची लांबी पाहावी: ती बहुधा ४५ सेंटीमीटरच्या आसपास असते, तर रेसिंग पद्धतीच्या वळणदार हँडलमधली जागा त्याहून कमी. सायकलसाठी मुद्दाम केलेल्या तंबूंचे खांब सुमारे ३० सेंटीमीटरच्या घडीचे असतात. ते न मिळाल्यास खांब वेगळे काढून सायकलच्या नळीला बांधता येतात.

एक किलोच्या अटीबद्दल फार लिहीत नाही. स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरले, तर अर्ध्या किलोच्या फरकाने तासाभराच्या चढाला वीसेक सेकंद जास्त लागतील. यवतेश्वरच्या घाटात चहाला थांबण्यात याहून कितीतरी अधिक वेळ जातो.

राहिली कासची चाचणी. २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे, आणि तिथल्या जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एका तंबूखालची फुले आणि गवत एका रात्रीत चिरडले जाते. भाच्याला मी घराच्या गच्चीवर तंबू लावून त्यावर अर्धा तास नळाची पाइप सोडायला सांगितले आहे. कोणती शिवण गळते ते तिथे उजेडात दिसेल, आणि गळालीच तर तंबू परत पाठवायला मुदतही शिल्लक असेल.